गढीत बुटासकट

गढीत विज्ञान केंद्र होणार हे कळलं तेव्हा गावातले लोक खूश झाले आणि मी चिडले. आमच्या गावात उंच जागा एकच आहे आणि ती या गढीने अडवलेली आहे. शाळा खाली, दवाखाना खाली आणि आमची वस्ती तर इतकी खाली की नाल्याला पूर आला की पाणी आधी आमच्याकडे येतं. वर ती गढी. चार बुरूज, त्यातले दोन बसलेले, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि हत्ती जाईल एवढा दरवाजा. त्यातून हत्ती गेलेला कुणीही पाहिलेला नाही. बाहेर आता पाटी लावली आहे, की ही वास्तू गावाच्या रक्षणासाठी बांधली गेली. कुणापासून रक्षण, ते पाटीवर नाही. गावाचं नाव मी सांगणार नाही. रिठदच्या बाजूचं आहे, एवढं पुरे.

गढीच्या वारसांपैकी बहुतेक जण नागपूर-पुण्याला गेले. धाकटे मालक तेवढे राहिले. भिंतींची डागडुजी परवडेना, तेव्हा त्यांनी एक न्यास काढला, अनुदान मिळवलं, आतून गुळगुळीत फरशी घातली, एका बुरुजावर दुर्बीण बसवली आणि दरवाजावर आजोबांच्या नावाचं विज्ञान केंद्र उभं केलं. नको झालेली वस्तू दान करावी, म्हणजे पुण्यही लागतं आणि छप्परही फुकटात शाकारून मिळतं. हे मी तेव्हा बोलून दाखवलं तर आमच्या कॉलेजातले सहकारी म्हणाले, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते. दिसते. मी वाशिमला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. खोट शोधण्याचा मला पगार मिळतो.

गेल्या मार्चमध्ये त्या केंद्रात आसपासच्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं आणि मला परीक्षक म्हणून बोलावणं आलं. मी नाही म्हणणार होते. फोनवर तसं सांगायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात समोर बसलेले बाबा म्हणाले, "हो म्हन. अन् मले बी घेऊन चाल."

बाबा ऐंशीच्या घरातले. आयुष्यभर एसटी चालवली. रिसोड-वाशिम, वाशिम-अकोला, मेडशीच्या घाटातून रात्री-बेरात्री. आई गेल्यापासून माझ्याकडे राहतात. मी फोनवर हात ठेवून विचारलं, "बाबा, कायले जाता तिथं?"

"कायले म्हंजे? गढी पाहाले."

त्यांना गढी पाहायची नव्हती. गढी त्यांनी हजार वेळा पाहिली होती. गावचा एसटी थांबा गढीच्या अगदी समोर आहे. गढीत लग्नकार्य असलं की आतून माणूस यायचा, "ड्रायव्हरसाहेब, चहा घेऊन जा," आणि बाबा स्टीअरिंगवरून न उठता म्हणायचे, गाडीला टाइम झाला. कंडक्टर आत जाऊन चहा, चिवडा, कधी बुंदीचा लाडू खाऊन यायचा. बाबा कधी गेले नाहीत. त्यांना आत जायचं होतं ते बुटासकट. एरवी नाहीच. हे त्यांनी लहानपणी ठरवलेलं होतं आणि घरात सगळ्यांना माहीत होतं.

ठरवलं कशावरून, तेही सांगते. पूर्वी आमच्या लोकांनी गढीसमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं, थेट चिंचेच्या झाडापर्यंत. आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी जोडे घालून गढीसमोरून गेले. त्यांना अडवलं. मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं बाबा म्हणतात. त्यांना दरवाजात उभं केलं आणि त्यांचेच जोडे डोक्यावर धरायला लावले, दिवस मावळेपर्यंत. येणारे-जाणारे बघत होते. बाबा तेव्हा शाळकरी पोर. ते पाण्याचा तांब्या घेऊन गेले. आजोबांचे दोन्ही हात वर अडकलेले, म्हणून बाबांनी टाचा उंच करून तांब्या त्यांच्या ओठांना लावला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. पुढे आजोबांनी गढीच्या समोरूनच जोडे घालून जायचं चालू ठेवलं, आणि काही दिवसांनी त्यांना अडवायचं कुणी राहिलं नाही. पण बाबांच्या डोक्यात तो दरवाजा बसला तो बसलाच. मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की मला त्या तांब्यावरचा पोचाही दिसतो. आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

तर मी फोनवर हो म्हटलं.

बाबांनी नवे बूट आणवले. काळे, जाड रबरी तळाचे. घरात दोन दिवस घालून फिरले, पाय सरावले पाहिजेत म्हणून. निघायच्या दिवशी पांढरा शर्ट, त्यावर जाकीट आणि बुटांना एवढं पॉलिश की मी म्हटलं, बाबा, यात बघून भांग पाडता येईल. ते म्हणाले, "पाडाले केसं कुठी राह्यले?" डोक्याच्या कडेने पांढऱ्या केसांची झालर आहे, तेवढीच. फार दिवसांनी ते इतके खुशीत होते. गाडी मी चालवत होते आणि शेजारी बसून ते प्रत्येक वळणावर पायाने नसलेला ब्रेक दाबत होते.

गढीच्या दरवाजापाशी आलो आणि समोर चपलांचा ढीग. शाळेच्या पोरांच्या स्लीपर, शिक्षकांच्या सँडल, कुणाकुणाचे स्पोर्ट शूज. भिंतीवर पाटी: पादत्राणे बाहेर काढावीत.

मी पाटी वाचली. बाबांनीही वाचली. 

धाकटे मालक स्वतः स्वागताला उभे होते. माझ्याच वयाचे, खादीचा कुर्ता आणि पाय अनवाणी. हात जोडून म्हणाले, "या मॅडम, या काकाजी. तेवढे बूट इथं काढा."

"हे विज्ञान केंद्र आहे ना?" मी विचारलं. "की देऊळ?"

ते हसले. "फरशी नवीन हाये मॅडम. पोरं लय माती आनतात. नियम सगळ्यांले सारखा. हे पाहा, मी बी काढले."

आता यावर काय बोलणार? खरंच सगळ्यांना सारखा होता. कलेक्टर आले असते तर त्यांनाही काढायला लावले असते. माझा राग असा दरवाजात येऊन उभा राहिला आणि त्याला बसायला जागाच मिळेना. मी म्हटलं, "याच दरवाजात जोडे काढून घ्यायची तुमच्याकडे जुनी रीत आहे. निदान इथे तरी दुसरा नियम सुचायला हवा होता." मालकांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ते म्हणाले, "जुन्या गोष्टी आमाले काय मालूम मॅडम. आमी तर तवा जल्मलो बी नोतो." हे वाक्य मला पाठ आहे. सगळ्या गढ्यांमधून हेच वाक्य बाहेर येतं.

"तुमच्या वडलांना माहीत असेल," मी म्हटलं.

"बाई," बाबा मागून म्हणाले, "तू जाय. पोरं वाट पाहून राह्यली तुई. मी बसतो इथं."

"बाबा, मी पण नाही जात."

"कायले? पोरायनं काय केलं? जाय तू."

ते दरवाजाबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले, पाय समोर ठेवून, बूट ऊन-सावलीच्या सीमेवर. मालकांनी माणूस पाठवून खुर्ची आणि पाणी दिलं. बाबांनी खुर्ची घेतली नाही, पाणी घेतलं. मी चपला काढल्या आणि आत गेले. ती फरशी थंड होती, छान होती, आणि मला तिचा संताप आला.

आत दरवाजाला लागूनच पहिलं दालन. पूर्वीची कचेरी म्हणे. शिरल्याबरोबर समोर मालकांच्या आजोबांचा भला मोठा फोटो. फेटा, मिशा, हातात काठी. फोटोला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. फोटो ठेवला होता एका बुटक्या, रुंद स्टुलावर. स्टुलाला जाड पांढरे प्लॅस्टिकचे पाय. स्टूल नवं होतं आणि त्या फोटोखाली अगदीच परकं दिसत होतं. मी पाहिलं आणि पुढे गेले.

दालनाच्या मधोमध केंद्राचं सगळ्यात महागडं यंत्र. स्थिर विजेचं. खांबावर चकचकीत गोळा असतो, त्यावर हात ठेवून उभं राहिलं की अंगात वीज साठते आणि डोक्यावरचे केस उभे राहतात. सगळ्या प्रदर्शनांत पोरं यालाच गर्दी करतात. तिथेही केली होती. एक मुलगी दोन्ही वेण्या मुद्दाम सोडून गोळ्यावर हात ठेवून उभी होती. केंद्रातला दाखवणारा तरुण यंत्र चालू करत होता, बंद करत होता, पुन्हा चालू करत होता. केस काही उभे राहत नव्हते. पोरीचं तोंड उतरलेलं.

"उद्घाटनापासून असंच आहे का?" मी विचारलं.

"हवेत ओल असली की चालत नाही मॅडम," तरुण म्हणाला.

मार्च महिना. बाहेर ओठ फुटायची वेळ. ओल म्हणे. मालकही मान डोलावू लागले, "हो, ओल. कंपनीवाल्यानंच सांगतलं होतं." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ते असं. मी त्या पोरीच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी. सगळेच अनवाणी. आणि मला हसू फुटलं. मी मोठ्याने हसले. शिक्षक दचकून बघायला लागले.

मग मी पोरांना समजावून सांगितलं. अंगात वीज साठायची तर ती पायातून जमिनीत निघून जाता कामा नये. तुम्ही अनवाणी उभे आहात, ती इकडून आली की तिकडून जाते. गळक्या माठात पाणी भरल्यासारखं. म्हणून या यंत्राबरोबर एक स्टूल येतं, प्लॅस्टिकच्या पायांचं. त्यावर उभं राहायचं असतं. "ते स्टूल कुठाय?" मी तरुणाला विचारलं.

त्याने मालकांकडे पाहिलं. मालकांनी कुठेच पाहिलं नाही. मी मात्र दाराजवळच्या फोटोखाली बोट केलं. सगळी पोरं वळली आणि फोटोतल्या आजोबांकडे बघू लागली. आजोबा यंत्राच्या स्टुलावर हार घालून उभे होते. अख्ख्या विज्ञान केंद्रात जमिनीपासून अलग ठेवलेले तेवढे एकटेच.

"उतरवा," मी म्हटलं.

"तसं नाही जमत मॅडम," मालक हळू आवाजात म्हणाले. "सकाळी पूजा झाली. पूजेतला फोटो आज हलवता नाही येत. उद्या आमी दुसरा पाट करतो."

"ही मुलं उद्या नाहीत."

"मंग आज राहू द्या हे यंत्र. बाकी लय हाये पाहाले. दुर्बीण हाये."

"दिवसा?" मी विचारलं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे तर सुंभाला नवीन प्लॅस्टर केलं होतं. मला खरं तर तेव्हा भांडायचं होतं. चांगलं कडकडून. पण ती पोर केस सोडून तशीच उभी होती आणि मी परीक्षक होते. म्हणून मी शिकवायच्या आवाजात म्हटलं, "दुसरा उपाय आहे. जाड रबरी तळाचे बूट घालून उभं राहिलं तरी चालतं."

हे बोलताना मला बाबा आठवले नव्हते, असं मी शपथेवर सांगते. पण बोलून झालं आणि आठवले. मालकांनाही आठवले. दरवाजा उघडाच होता. बाबांची पाठ आणि बुटांची टोकं आम्हाला दिसत होती.

मालकांचा चेहरा उजळला. मोठी सोपी वाट सापडल्यासारखे ते तरुणाला म्हणाले, "अरे, काकाजीचे बूट आत आन. पुसून घे चांगले. घालून दाखव पोरायले."

म्हणजे बूट चालणार होते. पुसून घेतले की चालणार होते. त्यांच्या आतलं माणूस तेवढं बाहेर राहणार होतं. मालकांना यात काही वावगं बोललो असं वाटलंच नाही. ते मदत करत होते. त्यांच्या तोंडावर खरोखरची मदत होती, आणि मला ती ओरबाडून काढावीशी वाटली.

तरुण बाहेर गेला. आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला, मग बाबांचा. बाबांना एसटीच्या इंजिनावरून बोलायची सवय, त्यामुळे सगळ्या दालनाने ऐकलं.

"बूट पाह्यजे? घ्या ना. पन ते एकटे नाई येत. माह्या पायातूनच येतीन."

सगळी पोरं दाराकडे वळली. मग सोडलेल्या केसांची ती मुलगी म्हणाली, "येऊ द्या ना आजोबाले." लगेच दुसरं कुणी, मग सगळीच. येऊ द्या, येऊ द्या. मालक म्हणाले, नियम आहे बाळांनो. मी म्हटलं, "बक्षिसं वाटताना यंत्र का चालत नाही ते मला सांगावं लागेल. पत्रकार आलेत ना?" आले होते, एक जण, मोबाईल घेऊन. ही धमकी होती आणि मी ती धमकी म्हणूनच दिली. मालकांनी पत्रकाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अपवाद म्हनून. विज्ञानासाठी."

बाबा उठले. जाकीट खाली ओढलं. दरवाजाच्या उंबरठ्यावर एक क्षण थांबले. आधी उजवा, मग डावा बूट आत टाकला. नव्या फरशीवर रबर चर्र चर्र वाजत होतं. पोरांनी वाट करून दिली. फोटोसमोरून जाताना त्यांनी मान वळवून नीट पाहिलं आणि पुढे आले. रागाची मला सवय आहे, रडू येण्याची नव्हती, म्हणून मी यंत्राशी खाटखूट करू लागले.

बाबांनी गोळ्यावर हात ठेवला. तरुणाने यंत्र चालू केलं. आधी काही झालं नाही. मग कानामागचे दोन-चार केस हलले आणि हळूहळू ती पांढरी झालर सगळी उभी राहिली, टकलाभोवती गोल. पोरं किंचाळली, टाळ्या पिटल्या, उड्या मारल्या. "मले दिसून नाई राह्यलं," बाबा म्हणाले, तर एका शिक्षिकेने पर्समधला आरसा समोर धरला. त्यात पाहून बाबा हसले. तोंड उघडून हसले. मी त्यांना असं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पत्रकार म्हणाला, "मालक, तुम्ही पण या. हातात हात घ्या काकाजींच्या. चांगला फोटो होईल." तरुणाने यंत्र बंद केलं. बाबांनी गोळ्यावरचा हात काढला. मालक पुढे आले, मोठ्या मनाचं हसू घेऊन, अनवाणी, हात पुढे करून.

बाबांच्या अंगात वीज अजून होती. ती त्यांच्या बुटांमुळे तिथेच थांबलेली होती, आणि पायांत काही नसलेला पहिला माणूस त्यांना शिवला की त्याच्यातून ती जमिनीत जाणार होती. हे तिथे मला एकटीला नीट माहीत होतं. मी सांगायला हवं होतं. मी तोंड बंद ठेवलं आणि पाहत राहिले.

चट्ट आवाज झाला. मालकांनी "आई गं!" करून हात असा मागे खेचला की कोपर पत्रकाराला लागलं. पोरं खदखदून हसली. मी पण हसले, आणि मला अगदी तृप्त वाटलं. बाबा मात्र घाबरले. त्यांना हे माहीत नव्हतं. "लागलं का?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती, खरीखुरी, घरच्या माणसाला विचारावं तशी.

"काही नाही बाबा," मी म्हटलं. "साठलेली होती ती गेली. आता हात लावला तरी काही होणार नाही." आणि मालकांकडे वळून पुन्हा सांगितलं, वर्गात सांगते तसं स्वच्छ: यंत्र बंद आहे, वीज एकदाच बसते, ती निघून गेली.

बाबांनी माझं ऐकलं आणि हात पुन्हा पुढे केला. "घ्या," ते म्हणाले. "आता काई नाई."

पत्रकाराने मोबाईल वर धरला होता. मालकांनी त्या हाताकडे पाहिलं. मग हसले, अर्धं पाऊल मागे सरकले आणि छातीशी हात जोडले. "नाई नाई काकाजी. आपला नमस्कारच बरा."

बाबांचा हात तसाच होता.

"मी सांगितलं ना तुम्हाला," मी म्हटलं. "त्यांच्या अंगात आता काहीच नाही."

"हो मॅडम, मालूम हाये मले," मालक म्हणाले, आणि त्यांनी हात जोडलेलेच ठेवले.